मिडलच्या चर्चमधली बाकं

रीस वेनलॉक नावाच्या माणसाने घरी नवी भट्टी बांधली. पाव भाजायची नवी भट्टी वापरायला काढण्याआधी एकदा चांगली धडधडून तापवावी लागते आणि त्याला सरपण भरपूर लागतं. सरपण विकत आणणं रीसच्या स्वभावात नव्हतं. रात्री बाहेर पडायचं आणि शेजाऱ्यांच्या शेतांची कुंपणं उपटून आणायची, ही त्याची रीत. शेजारी वेबस्कॉटला विल्यम हिगिन्सन राहत असे. त्याच्याकडे रिचर्ड मर्सर नावाचा एक खोडकर गडी होता. आता आपल्या मालकाच्या कुंपणावर संक्रांत येणार, हे मर्सरने ओळखलं. रीसच्या घराजवळच्या कुंपणातलं एक जाडसर वाळकं लाकूड त्याने घरी नेलं, गिरमिटाने टोकाला भोक पाडलं, आत बंदुकीची दारू ठासली, वर खुंटी मारली आणि लाकूड होतं तिथे परत खोचून ठेवलं. रीसने इतर फाट्यांबरोबर नेमकं तेच उचललं. भट्टीचा माथा उडाला, घराच्या एका टोकाला आग लागली आणि रीस बाहेर येऊन "आग! आग!" ओरडत सुटला. हिगिन्सनने गड्याला हाक मारली, तर मर्सर म्हणाला, "काय झालंय ते मला माहीत आहे." दोघं पोचेपर्यंत आग विझली होती, भट्टीचे मात्र तुकडे झाले होते.

याच रीसची एकदा गाय चोरीला गेली. तो माँटगोमेरीच्या एका जाणत्या बाईकडे विचारायला निघाला. जाताना त्याने खिशात एक दगड टाकला आणि सोबतच्या शेजाऱ्याला म्हणाला, "हिला खरंच कळत असेल, तर माझ्या खिशात काय आहे ते सांगेल." बाई म्हणाली, "तुझ्या खिशात दगड आहे. पण ज्या दगडाने तू शेजाऱ्याच्या कुळवाचे दाते पाडलेस, तेवढा काही तो मोठा नाही."

या गोष्टी लिहून ठेवल्या रिचर्ड गॉफ नावाच्या शेतकऱ्याने. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेलगत, श्रॉपशर नावाचा परगणा आहे. तिथल्या श्रूजबरी शहराच्या उत्तरेला साधारण बारा-तेरा किलोमीटरवर मिडल हे खेडं. मिडल आणि आसपासच्या मार्टन, न्यूटन, बॉल्डर्टन अशा वाड्या मिळून मिडलची पॅरिश होते. आपल्याकडे वसईची ख्रिस्ती मंडळी पॅरिशला धर्मग्राम म्हणतात. एका चर्चभोवतीचं गाव, हा अर्थ त्या शब्दात छान उतरतो. पण त्या काळची इंग्लंडातली पॅरिश म्हणजे नुसती रविवारची प्रार्थना नव्हे. रस्ते, गोरगरिबांचं पोट, त्यासाठीची पट्टी, जन्म-लग्न-मृत्यूची नोंद, सगळं तिच्याच गळ्यात. बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं प्रत्येक पॅरिशने वहीत लिहावीत, असा हुकूम तिथे १५३८ सालीच निघाला होता.

गॉफचा जन्म १६३५ चा, न्यूटन वाडीतला. स्वतःची जमीन कसणारं, खाऊनपिऊन सुखी घर. शाळेत लॅटिन शिकला, पुढे कॉर्बेट नावाच्या जमीनदाराकडे कारकुनी केली, त्यामुळे पट्टे, मृत्युपत्रं, खटले यांची भाषा त्याला पाठ. साठी उलटल्यावर तो लिहायला बसला. १७०० साली त्याने पॅरिशचा रीतसर इतिहास लिहिला: सीमा, रस्ते, तळी, चर्चचे पाद्री, मोडकळीला आलेली गढी. आज तो फारसा कुणी वाचत नाही. मग बहुधा त्याला जाणवलं असावं, की सांगायचं खरं तर राहूनच गेलं. आणि त्याने दुसरं पुस्तक हाती घेतलं, चर्चमधल्या बाकांचं.

ही कल्पना मला जितकी साधी तितकी थोर वाटते. मिडलच्या चर्चमध्ये कोणत्या बाकावर कोणी बसायचं, हे ठरलेलं होतं. जागा माणसाची नसे, घराची असे, शेताची असे. शेत विकलं की बाकावरची जागाही त्याच्याबरोबर जाई. आपल्या जत्रेत पालखीचा मान ज्या घराकडे असतो तिथेच राहतो, माणसं बदलली तरी, तसंच. पुढची बाकं जमीनदारांची, मधली मोठ्या शेतकऱ्यांची, मागची आणि कडेची झोपडीत राहणाऱ्यांची. गॉफने चर्चचा नकाशा काढला, बाकं मांडली आणि एकेका बाकापाशी थांबून सांगायला लागला: इथे अमक्या घराची जागा, त्या घरात आधी कोण होतं, त्याने कुणाशी लग्न केलं, पोरं कुठे गेली, जमीन कशी सुटली. आजोबा, नातू, सासुरवाडी, भांडणं, कर्ज, वेड, प्रेमं. पाद्रीबुवांचं प्रवचन चाललेलं असताना एखादा म्हातारा मान किंचित वळवून सगळ्या गावाकडे बघत बसला आहे, असं चित्र मला दिसतं.

मी ते पुस्तक वाचलं तेव्हा आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम माझ्याकडे होतं. जुनी आवृत्ती वाढवून नवी काढायची होती. रोज संध्याकाळी तक्ते जुळवायचे, फोन करायचे, तारखा विचारायच्या. एका रविवारी कंटाळून ते बाजूला ठेवलं आणि ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर मिडलचं चर्च काढलं. चौकोन आखले, त्यांत नावं लिहीत गेले. वाचत जाईन तसा एकेक चौकोन भरत गेला. पावसाळाभर तो कागद भिंतीवर होता. येणारी-जाणारी माणसं विचारत, ही कुठली सोसायटी? मी खरं ते सांगत असे.

कागद भरताना लक्षात आलं, की या माणसाला बाकांच्या उतरंडीबद्दल मुळीच शंका नव्हती. पट्टी न भरणारे लोक आणि पोरंटोरं जर गावच्या प्रतिष्ठितांच्या पुढे बसली, तर ते अशोभनीय होय, असं तो स्पष्ट लिहितो. तो समतेचा पुरस्कर्ता नव्हता. पण बाकं मोजायला घेतली, की शेवटचं बाक टाळता येत नाही. जमीनदाराला दोन पानं दिली, तर कुंपण चोरणाऱ्यालाही द्यावी लागतात, कारण त्याच्या घराचीही जागा तिथे आहे. त्या पद्धतीनेच गॉफला त्याच्या मतांपेक्षा उदार केलं, असं मला वाटतं.

मिडलची बरीच जमीन बड्या उमरावांच्या मालकीची. आधी लॉर्ड स्ट्रेंजचं घराणं, मग डर्बीचे अर्ल, मग ब्रिजवॉटरचे अर्ल. कुळं पट्ट्याने राहत आणि पुष्कळदा तो पट्टा 'तीन जिवांचा' असे. पट्ट्यात तीन माणसांची नावं लिहायची, बहुधा नवरा, बायको आणि एक मुलगा. त्यांतला एक जरी जिवंत असेल तोवर घर आपलं. तिसरा जीव गेला, की पट्टा संपला. हे समजल्यावर गॉफच्या पानांवरचे साधे मृत्यूही वेगळे वाचले जातात. एखाद्या घरातलं पोर तापाने गेलं, की आईबापांच्या दुःखाबरोबर घराचा एक खांबही निघालेला असतो. 'कुटुंबाचा इतिहास' हा शब्द आपण किती सहज वापरतो. तिथे घर आणि कुटुंब यांच्यातला दोर तीन श्वासांनी वळलेला होता.

१६४२ साली इंग्लंडच्या राजाचं आणि संसदेचं युद्ध पेटलं. राजाच्या बाजूच्या सर पॉल हॅरिसने फर्मान काढलं, की सोळा ते साठ वर्षांच्या सगळ्या पुरुषांनी ठरल्या दिवशी मिडलच्या टेकडीवर हजर व्हावं. गॉफ तेव्हा, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, आठ-नऊ वर्षांचा होता, तो ही गंमत बघायला गेला. तिथे माणसांची गर्दी, टेकडीच्या सगळ्यात उंच भागावर हातात कागद घेतलेला एक माणूस आणि त्याच्या शेजारी जमिनीत रोवलेले तीन-चार भाले. राजाकडून लढेल त्याला आठवड्याला चौदा ग्रोट पगार, असं तो ओरडून सांगत होता. एक ग्रोट म्हणजे चार पेनी. हे दृश्य त्या मुलाच्या डोळ्यांत जवळजवळ साठ वर्षं तसंच राहिलं.

मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वाड्यांतून वीस माणसं गेली. तेरा मेली. गॉफ हा आकडा देऊन थांबत नाही, एकेकाचं नाव घेतो. मार्टनचा टॉमस फॉर्मस्टन, मोठा होतकरू मुलगा, कुठे मारला गेला ते सांगता येत नाही. खानावळवाल्या हेवर्डचा भाऊ टॉमस, कुठे ते माहीत नाही. जॉन आर्थर्स, 'माझ्या वडिलांचा गडी', हॉप्टनच्या किल्ल्यात. एकाच्या बापाला युद्धाआधी फाशी झाली होती आणि मुलाने युद्धात तीच लायकी मिळवली, असंही तो लिहून टाकतो. एक शिंपी होता, ना घर ना दार, या दारी त्या दारी शिवणकाम करून जगणारा. तोही गेला, त्याचं पुढे काय झालं ते कधीच कुणाला कळलं नाही. ज्याचं बाक नव्हतं, घर नव्हतं, त्या शिंप्याचीही ओळ तिथे आहे. मग गॉफ म्हणतो, एवढ्याशा तीन वाड्यांतून इतके मेले, तर साऱ्या इंग्लंडात किती हजार मेले असतील याचा अंदाज करावा. मी युद्धांचे इतिहास थोडेफार वाचले आहेत. पण खालून वर, तीन वाड्यांवरून देशाकडे असं बघायला मला याच शेतकऱ्याने शिकवलं.

दुसऱ्या बाजूने गेले ते अगदी थोडे. त्यांतला जॉन मोल्ड लहानखुरा, देखणा आणि धाडसी. पायातून गोळी गेली, मुख्य हाड मोडलं आणि तो पाय जन्मभर वाकडा राहिला. गॉफला तो पाय आठवतो.

एका खडकातल्या गुहेत विल्यम प्रीस राहत असे. ती गुहा आधी 'भुताचं भोक' म्हणून ओळखली जाई. मग कुणीतरी तिला दगडी धुराडं बांधलं आणि माणसं राहायला लागली. प्रीस तरुणपणी परदेशी लढायांत जाऊन आला होता आणि तिथले इतके भन्नाट किस्से सांगे, की गावाने त्याला 'स्कॉगन' हे एका जुन्या विदूषकाचं नाव देऊन टाकलं. युद्ध सुरू झाल्यावर म्हातारा राजाकडून पुन्हा गेला, तीन मुलंही गेली. जवळच्या एका वाड्याच्या रक्षणाला त्याच्याकडे अवघी आठ माणसं होती. शत्रू दाराशी आल्यावर त्याने आतून मोठ्याने हुकूम सोडायला सुरुवात केली: इतके जण तिकडे जा, इतके इकडे, वीस जण माझ्याबरोबर या! आणि मग समोरच्या घोडेस्वारांत त्याला पलीकडच्याच हॅडनॉल गावचा एक शिंपी दिसला. स्कॉगनने त्याला नावाने हाक मारली, "बनी, सांभाळ!" आणि गोळी झाडली. गोळी त्याच्या पायातून आरपार गेली, घोडा मेला. यादवी युद्ध म्हणजे काय, हे त्या हाकेत आहे. समोरच्याचं नाव माहीत असतं.

सगळंच इतकं झपाटून टाकणारं नाही. वंशावळींची काही पानं फार रुक्ष आहेत, लॅटिन सुभाषितं जागोजागी पेरलेली आहेत. ती मी भराभर उलटली.

पण मग मध्येच टॉमस एल्क्सची गोष्ट येते आणि हात थांबतो. मोठा भाऊ वारला, त्याचं लहान मूल एल्क्सच्या ताब्यात आलं. इस्टेट त्या मुलाची. एल्क्सने एका गरीब पोराला हाताशी धरून मुलाला फुलं गोळा करायला शेतात नेलं. पीक पूर्ण वाढलेलं. त्या पोराला घरी पाठवलं, पुतण्याला कडेवर घेऊन शेताच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे पाण्याने भरलेली बादली ठेवलेली होती. मग तो लंडनच्या दिशेने पळाला. दोन स्वार मागावर निघाले. साउथ मिम्सजवळ त्यांना गवताच्या गंजीवर दोन डोमकावळे दिसले, चोचीने गवत उपसत कर्कश ओरडणारे. स्वारांनी जाऊन बघितलं, तर गंजीत एल्क्स झोपलेला. ते कावळे त्या दिवसापासून आपला पिच्छा सोडत नव्हते, असं तो म्हणाला. त्याला फाशी झाली. कावळ्यांचं खरंखोटं मला ठरवायचं नाही. गावाने ती गोष्ट त्या दोन कावळ्यांसकट जपली, कारण त्याशिवाय बादलीची गोष्ट सांगणं कुणाला सोसलं नसतं, असं मला वाटतं.

जिथे मला गॉफचा त्रास होतो, तेही सांगितलं पाहिजे. गरिबांबद्दल तो लिहितो तेव्हा त्याच्यातला गोष्ट सांगणारा गप्प होतो आणि पट्टी भरणारा बोलू लागतो. वडिलांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी गरिबांसाठी चार पेनी दिले, आज मी वर्षाला जवळजवळ वीस शिलिंग देतो, असा त्याचा हिशेब आहे. शिलिंगाचे बारा पेनी, म्हणजे साठपट. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक गरीब कोणत्या पॅरिशच्या माथी, हे ठरवलं जाऊ लागलं आणि शेजारच्या पॅरिशी एकमेकींकडे माणसं ढकलू लागल्या. लंगडा, म्हातारा, पोटुशी बाई, कुणीही. त्या खटल्यांना गॉफने पुस्तकाचा एक भागच दिला आहे आणि आपली पॅरिश जिंकली की त्याला झालेला आनंद लपत नाही. सिना डेव्हिस नावाच्या बाईबद्दल तो म्हणतो, ही धूर्त, आळशी बाई माणसं बघत असली की काठी टेकत लंगडायची आणि एरवी काठी बगलेत मारून चालायची. कितीतरी वर्षं पॅरिशच्या पैशावर जगली. असेलही तसं. पण पिढ्यान्‌पिढ्यांचं दुखणं-खुपणं जाणणाऱ्या या माणसाने सिनाला हे सोंग का घ्यावं लागलं, ते एकदा तरी विचारायला हवं होतं. माझ्या कागदावर तिचं नाव मी पेन्सिलने समासात लिहिलं.

विसाव्या शतकात 'हे' (Hey) आडनावाच्या डेव्हिड या इतिहासकाराने गॉफचं लिखाण पॅरिशच्या वह्या, मृत्युपत्रं, पट्टे यांच्याशी ताडून पाहिलं. म्हाताऱ्याची स्मरणशक्ती बहुतेक ठिकाणी खरी ठरली. हस्तलिखित पहिल्यांदा छापलं गेलं ते १८३४ मध्ये. गॉफ १७२३ साली, ८८ व्या वर्षी वारला होता. शंभर वर्षांहून जास्त काळ त्याची बाकं तशीच अंधारात.

त्याला अंदाज होता, की लोक चिडतील. म्हणून त्याने लिहून ठेवलं आहे: कुणाच्या पूर्वजांची दुष्कृत्यं मी सांगितली म्हणून कुणी मला दोष देत असेल, तर त्याने स्वतः तसं न वागण्याची काळजी घ्यावी, म्हणजे मेल्यावर त्याच्या नावाला डाग राहणार नाही. आणि मी यातलं काहीही आकसाने लिहिलेलं नाही.

हे शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं, कारण तेव्हा मला त्याची गरज होती. आमच्या जुन्या कुलवृत्तांतात अण्णाआजोबांचा, म्हणजे माझ्या चुलत आजोबांचा मजकूर एका ओळीचा आहे: नाव, जन्मसाल, मृत्यूचं साल. बाकीच्या भावांना पाच-पाच ओळी. कोण हेडमास्तर, कोण तालुक्याला वकील. अण्णाआजोबा प्यायचे. तळ्याकाठचं शेत त्यांच्यापायी गेलं. मी त्यांच्याबद्दल माहिती गोळा करायला लागले, तेव्हा थोरल्या काकांनी सांगितलं, "झाकली मूठ राहू दे. गेलेल्या माणसाचं काय उकरायचं?" त्यांचा राग मला समजत होता. ते शेत गेल्यावर त्यांची शाळा सुटली होती. नापसंती अण्णाआजोबांवर नव्हती, त्या दिवसांवर होती.

गॉफकडे डेव्हिड हिग्ली नावाचा एक माणूस आहे. त्याच्याबद्दल तो म्हणतो, की हा अधूनमधून चांगला संसारी होता, कष्टाने जे मिळवी ते गुत्त्यात घालवी. आणखी एक जोडपं रोज गुत्त्यावर जाई आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या गाईही तिकडेच गेल्या, असं एका ओळीत तो सगळं घर बुडालेलं दाखवतो. त्या ओळींत तिरस्कार नाही. माणूस समोर उभा राहतो, चिखलाच्या पायांनी, आणि चर्चमधल्या आपल्या जागेवर जाऊन बसतो. त्याची जागा कुणी काढून घेत नाही. कुलवृत्तांतातली ती एक ओळ वाचली, की मला वाटतं, आम्ही जागाच काढून घेतली.

'अधूनमधून चांगला संसारी.' हे शब्द माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत होते. शेवटी एका रात्री मी लिहिलं: "अधूनमधून उत्तम संसारी. मिळवलं ते बरंचसं दारूत गेलं. तळ्याकाठचं शेत त्यांच्या हातून गेलं, त्याची झळ पुढच्या पिढीला लागली. पेटी दुरुस्त करण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गावातल्या तिन्ही भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडे येत आणि त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत."

दुसऱ्या दिवशी काकांकडे गेले आणि वाचून दाखवलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. काकूने चहा आणून ठेवला, तो निवला. मी कागदाची घडी घालायला लागले, तेव्हा ते म्हणाले,

"तीन नाही, चार. वरच्या आळीचं मंडळ विसरलीस."